तिसरी प्रत

गोरेवाड्याच्या मागे, वाळल्या कुसळांत
उईके काका वाकतात, दोन बोटांत उचलतात
एक चपटी, गवती रंगाची लेंडी
आणि उन्हाकडे धरतात, सोनार खडा धरतो तशी.
“सशाचीच हाये जी. बकरीची काळी असते.”
मी नळीत टाकते. झाकण. नंबर.
एकशे सत्तेचाळीस.
मे महिना, सकाळचे सात,
डोक्यावरचा दुपट्टा आताच तापलेला.

ससा दिसत नाही.
सशाची फक्त जागा दिसते,
घाणेरीखाली दाबलेलं गवत,
अंगाएवढं, अजून कोमट.

हिंगणा रोडवर ट्रकखाली गेलेल्या एकाचा कान
मागच्या दिवाळीत मी बर्फात घालून आणला होता.
यंत्राने त्याची अक्षरं वाचली, तुकड्यातुकड्यांनी,
आणि परदेशातल्या कुठल्याशा सशाच्या बाडावर
एकेक तुकडा नेऊन ठेवला.
सगळीकडे थर सारखा. तीस, बत्तीस, एकतीस.
एका जागी साठ.
पुन्हा चालवलं. साठ.
आमच्या सशाकडे तिथे दोन जनुकं होती,
बाडात घर एकाचंच,
म्हणून दोघं एकमेकांच्या मांडीवर बसलेली.

बाबा जिल्हा न्यायालयासमोर टायपिंग करायचे,
कडुनिंबाखाली टेबल, टेबलाला सायकलची साखळी.
मध्ये दोन कार्बन, एका दाबात तीन प्रती.
पहिली कोर्टाची. दुसरी पक्षकाराची.
तिसरी, “असू दे.”
चूक झाली की अर्ध्या ब्लेडने पहिली खरवडायची,
फुंकर मारायची, मग दुसरी.
तिसरीत चूक तशीच राहायची,
तिला कोण तपासतं?
तिच्या पाठीवर मी बाराखडी गिरवली,
आईने दुधाचे हिशेब मांडले,
भावाने संक्रांतीला पतंग केला,
तो उडाला नाही.

आता वर्षभराच्या नळ्या एकापुढे एक.
बहुतेक सशांत दुसरी प्रत मुकी आहे,
मध्येच एक अक्षर गळालं
आणि पुढचं सगळं वाक्य घसरलं.
पहिली इमानदारीत काम करते, म्हणून ससा जगतो,
दुसरी नुसती सोबत येते, पिढ्यान् पिढ्या,
हमीवर सुटल्यासारखी.
पण पेंचकडच्या अकरा सशांत ती घसरलेली नाही.
बदललीय.
काहीतरी बोलते. तापाशी बोलते, गोचिडीशी,
की नव्या कुठल्या कडू पाल्याशी,
मला अजून कळलेलं नाही.
“नमुना लहान आहे,” बनसोड सर म्हणतात,
आणि चहाचा कप माझ्या आलेखावर ठेवतात.

शिवमडक्याजवळ मोठा रस्ता झाला तेव्हापासून
अलीकडचे ससे अलीकडेच राहिले.
त्यांच्या नळ्या वाचताना कंटाळा येतो:
सगळ्यांची उत्तरं एकसारखी,
कॉपी करून पास झालेल्या वर्गासारखी.
एकच साथ यायचा अवकाश,
सगळे एकाच प्रश्नावर नापास होतील.
हे मी प्रबंधात वेगळ्या भाषेत लिहिलं आहे.

बाबा गेल्यावर ट्रंकेत प्रतींचा गठ्ठा निघाला,
अक्षरं जांभळी, घाम फुटल्यासारखी पसरलेली.
कुणा मनीराम बोकडेचा अर्ज, पारडीच्या जमिनीचा.
“सदर अर्जदार हा मयताचा एकमेव वारसा आहे.”
एक काना जास्तीचा.
पहिलीवरून तो नक्कीच खरवडला असणार,
दुसरीवरूनही.
इथे राहिला.
मी तो कागद घडी न मोडता परत ठेवला,
नंतर पुन्हा काढला.

काल संध्याकाळी परतताना, कुंपणाच्या वळणावर,
उईके काकांनी गाडी बंद केली, बोलले नाहीत.
बॅटरीच्या उजेडाच्या काठाशी एक बसलेला.
दोन वर्षांत पहिला जिवंत.
मी नळी शोधायचं विसरले.
त्याचा एक कान आमच्याकडे वळला होता,
दुसरा रस्त्याकडे.