एकशे एक्क्याऐंशी

वैतींचा पासपोर्ट टेबलावर उघडा आहे
आणि मी शिक्के मोजतोय, बोटाला थुंकी लावून,
वडील दुकानात उधारीच्या चिठ्ठ्या मोजायचे तसे.
आलेला दिवस धरायचा. गेलेलाही धरायचा.
विमान बाराच्या आधी टेकलं की नंतर,
त्या दहा मिनिटांवर माणूस कुठला ते ठरतं.
एकशे ब्याऐंशी भरले, तर इथला.
एक कमी, तर शारजाचा.

जयेंद्र वैती, मूळ घणसोली.
फाइलीत दोन दाखले एकाच भोकात ओवलेले:
एक प्रकल्पग्रस्ताचा, बापाच्या नावचा, कडा कुरतडलेला,
दीड एकर भातशेती आणि खाडीकडचा बांध गेल्याचा.
दुसरा गुळगुळीत, अरबी मोहोरेचा,
की सदर गृहस्थ करापुरते आमचे रहिवासी.
दोन्ही खरे.
दोन्हींच्या झेरॉक्सवर सही माझीच.

आणि तिसरी फाइल, जाड, दोरीनं बांधलेली:
मुकादम विरुद्ध वैती.
रबाळ्याच्या गाळ्यात दोघांनी व्हॉल्व्ह बनवले बावीस वर्षं,
एका चेकवर दोन सह्या, एका डब्यात दोन भाकऱ्या.
मग आखातातल्या ऑर्डरी एकाच्या नव्या कंपनीकडे वळल्या.
वळवल्या, असं दाव्यात आहे.
आपोआप वळल्या, असं जबाबात.
रक्कम चार कोटी चाळीस लाख, व्याज वेगळं.

गंमत अशी, की भांडायला इथे यावं लागतं.
बेलापूरला सातव्या मजल्यावर लवाद बसतो,
एसीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत,
खिडकीतून पारसिकची कापलेली टेकडी.
दर तारखेला वैती येतो, दर तारखेचे दोन-तीन दिवस
माझ्या तक्त्यात चढतात.
समोरच्या वकिलाला हे कळायला वेळ लागला नाही.
तो प्रश्न हळू विचारू लागला.

तीस मार्च. एकशे एक्क्याऐंशी.
रात्री साडेनऊचं विमान, बॅग खाली गाडीत.
चार वाजले तरी उलटतपासणी दोन हजार अठराच्या पावत्यांवरच.
लवाद म्हणाले, उद्या सकाळी साडेदहा, संपवूनच टाकू.
वैतीनं माझ्याकडे पाहिलं.
मी काय करणार? मी आकडा आहे.

तेवढ्यात मुकादम उठले.
दिलावर मुकादम, राबोडीचे, दावा लावणारे.
म्हणाले, साहेब, माझं पोट दुखतंय.
उद्या मला जमायचं नाही.
त्यांचा वकील कानाशी लागला, बाही ओढली,
ते पुन्हा म्हणाले, दुखतंय. इथं. आणि उजवीकडे हात ठेवला,
मग डावीकडे.
लवादांनी चष्मा काढून दोघांकडे पाहिलं
आणि सहा एप्रिल दिली.

मी दुपारी कँटीनमध्ये त्यांच्या मागच्याच टेबलावर होतो.
दोन मिसळ, वर ताक, आणि पाव जास्तीचे.
शिवाय पंधरा वर्षं त्या गाळ्याचा हिशेब मीच लिहायचो.
रहिवासाचा हा नियम दोघांनाही समोर बसवून
मीच समजावला होता, आगपेटीच्या काड्या मांडून.
काड्या मुकादमांनी मोजल्या होत्या.

लिफ्टमध्ये आम्ही तिघंच.
सातव्यापासून तळमजल्यापर्यंत कुणी बोललं नाही.
फक्त चौथ्यावर दार उगाच उघडलं, बाहेर कुणी नव्हतं,
तेव्हा मुकादम म्हणाले,
पामबीचनं नको जाऊ, तिकडे खोदलंय.

सहा एप्रिलला शपथेवर त्यांनी सांगितलं
की या माणसानं मला धंद्यातून उठवलं, विश्वासघात केला,
आणि ते सांगताना आवाज खोटा नव्हता.
वैती टेबलाकडे बघत राहिला.
तडजोडीचं विचारलं, तर दोघांनीही मान हलवली, नाही.

मी नवं पान घेतलं, वरती नवं आर्थिक वर्ष.
पाच तारखेला रात्री अकरा चाळीसला उतरला होता तो.
म्हणजे आज दोन.