नळीतलं पाणी

फॉर्मवर एक चौकोन रिकामा होता, विषयाचा.
शिवलीलानं पेनाचं टोपण दातात धरलं
आणि लिहिलं, भूगोल.
मी म्हटलं, आधी पेन्सिलीनं लिही की.
म्हणाली, पेन्सिलीनं नकाशा काढतात, अप्पा.
फॉर्म नाही.

तेव्हापासून घरात येणारा सल्ला घेऊनच येतो.
मेव्हणा मिरजेहून आला, नर्सिंगचं पत्रक खिशात,
दवाखान्यांचं गाव शेजारी असताना
पोरगी डोंगर कशाला मोजतीया?
कुपवाडे शेठनं साइटवर चहा फुंकत विचारलं,
पगार किती असतो रं भूगोलाला?
जसा काही भूगोल रोज हजेरीवर येतो
आणि शनिवारी पैसे मागतो.

मला उत्तर येत नव्हतं. मी सातवी.
परीक्षेत भारताचा नकाशा काढताना
श्रीलंका विसरलो होतो,
एवढीच आमची ओळख.

म्हणून तिलाच विचारलं, रात्री, भाकरी मोडता मोडता,
पुढं काय, बाई?
मास्तरकी आहे, म्हणाली, पण जागा निघत नाहीत.
स्पर्धा परीक्षेला सगळा जिल्हाच रांगेत.
उपग्रहाचे फोटो वाचायचा कोर्स पुण्यात, त्याला खर्च.
विहिरींची पातळी मोजायला माणसं घेतात
कधीमधी, कंत्राटावर.
मग थांबून,
खोटं सांगू का तुम्हाला?
नको, म्हटलं.

आम्ही जत तालुक्यातले, संखच्या पलीकडचे.
बोर नदी म्हणजे वाळूचा रस्ता.
टँकरच्या आवाजानं कुत्रीसुद्धा उठायची.
सांगलीत आलो कामासाठी,
आणि खरं सांगायचं तर कृष्णा बघून.
एवढं पाणी, आणि कुणी राखणीला नाही!
मग एकोणीसचा ऑगस्ट आला.
खोलीत छातीएवढं पाणी.
शाळेच्या वर्गात, सतरंजीवर, अठ्ठावीस माणसांत
आठवीतल्या पोरीनं विचारलं,
गाव पण सांगली जिल्हा, हे पण सांगली जिल्हा,
मग त्यांना टँकर आणि आपल्याला बोट, असं कसं?
देवाचं, म्हटलं मी.
ती गप्प बसली.
पटलं म्हणून नव्हती बसली,
हे मला आत्ता कळतंय.

परवा रविवारी शेठच्या जोत्याची लेव्हल काढायची होती,
नदीकडच्या प्लॉटवर. गडी आला नाही, तिला नेलं.
नळीत पाणी भरलं, टिचक्या मारून बुडबुडे घालवले,
एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं,
मध्ये चाळीस फूट आणि वाळूचा ढीग.
ती दिसत नव्हती. पाणी हललं, डुललं, थांबलं.
अप्पा, खूण करू?
कर.
ढीग ओलांडून आली, हाताला गेरू,
म्हणाली, तुमच्या खुणेपासून माझ्या खुणेपर्यंतची ही रेघ,
हिला आमच्यात समोच्च रेषा म्हणतात.

आमच्यात, म्हणाली.
जसं आपण म्हणतो, आमच्यात हळद आदल्या दिवशी लावतात.
तीस वर्षं मी ही रेघ मारतोय,
गेरूनं, कोळशानं, कधी नुसत्या खिळ्यानं,
तिला नाव आहे हे कुणी बोललं नव्हतं.

मी नळी गुंडाळायला लागलो तर म्हणाली, थांबा.
शेजारच्या भिंतीवर पुराचा डाग होता,
रंगाखालून अजून वर येणारा.
तिनं एक टोक त्या डागाला लावलं,
दुसरं माझ्याकडून जोत्यापाशी धरून घेतलं.
टेप लावला. पुन्हा लावला.
साडेचार फूट, अप्पा. जोतं साडेचार फूट खाली आहे.
शेठना सांगा.

अजून सांगितलेलं नाही.
हजेरी शनिवारी मिळते,
फी भरायची शेवटची तारीख सोमवार.
नळी खुंटीला टांगलीय.
तळाशी थोडं पाणी राहिलंय,
दोन्ही बाजूंना सारखंच.