गाढवाचा चौथा पाय

शाळेच्या मागच्या खोलीत, तापल्या पत्र्याखाली,
मी मुलांना तीन चित्रं काढायला सांगतो:
एक घर, एक माणूस, एक गाढव.
खोडरबर द्यायचं नाही.
"छान" म्हणायचं नाही.
नियमांचा कागद आदिस अबाबाहून आलाय.

रोबा आठ वर्षांचा. पेन्सिल कुदळीसारखी धरतो.
घर पटकन काढतो, दार विसरतो.
माणसाच्या एका हाताला सात बोटं.
गाढवाशी मात्र थांबतो.
आधी दोन्ही अंगांचे पिवळे डबे काढतो,
त्यांची झाकणं, झाकणांची दोरी,
एका डब्यावरचं डांबराचं ठिगळसुद्धा,
आणि मग मधे उरेल तेवढं गाढव.
पाय तीन.

मी रकान्यात लिहितो: पाय, चूक. वजा एक.

तो हसतो. ओळखीचं आहे मला हे हसणं,
वरचा ओठ खाली ओढून धरलेलं.
माझेही दात असेच,
कॉफीच्या भांड्याच्या बुडासारखे.
लग्नाच्या फोटोत
मी एकटाच गंभीर आहे.

बोअरला पाणी लागलं तेव्हा
बधातूला पाचवा महिना होता.
गावानं बैल कापला.
तोवर आम्ही तळ्याचं प्यायचो, फडक्यातून गाळून,
गुरांच्या खुरांचा वास असलेलं.
आणि पंपाचं हे इतकं नितळ
की म्हाताऱ्या गादिसेनं त्यात आपलं तोंड पाहिलं
आणि बादली कलती केली.
बधातू तिथंच ओंजळीनं प्याली, परत प्याली,
"आतल्यालाही पाजते," म्हणाली.
आम्ही हसलो.
या दरीच्या तळाशी विझलेल्या डोंगरांची राख आहे
आणि पाणी कित्येक पिढ्या तिच्या कुशीत पडून होतं,
हे कुणाला ठाऊक.
राखेनं ना रंग दिला, ना वास.

पाणी मुरत होतं.
दातांत मुरलं ते दिसलं,
हाडांत मुरलं ते म्हातारे उठताना ऐकू येतं.
आणखी कुठं मुरलं
ते मोजायला मला रोजावर ठेवलंय.

डॉक्टर त्सिगेरेडा म्हणतात, "संबंध दिसतोय.
कारण म्हणायला अजून वेळ आहे."
खोटं नाही बोलत त्या.
जिथल्या पाण्यात फ्लोराइड जास्त
तिथल्या चित्रांत चुका जास्त, असा त्यांचा तक्ता.
पण तिथंच भूकही जास्त,
पुस्तक एखादंच,
आणि पोरं पहाटेपासून गाढवामागं.
एका दोरीचे पीळ सगळे.
एक सोडवायला जावं तर दुसरा आवळतो.

बधातू दारात येऊन उभी.
"किती चुकलं त्याचं?"
सांगायची परवानगी नाही, मी म्हणतो.
ती पदर चावते. मग हळूच:
"कुठल्या घोटानं?"

तक्त्यात याला रकाना नाही.
मी खिडकीबाहेर बघतो.
बाभळीला त्यांचं गाढव बांधलंय,
मागचा एक पाय पोटाशी घेऊन उभं,
गेल्या साली गाडीखाली आला होता तो.
रोबा बसलाय तिथून
मी वाकून पाहतो.
तीन.

खोडरबराची बंदी मुलांना आहे.
मला कुणी काही म्हटलेलं नाही.
पण दाराचं काय?
त्यांच्या घराला दार आहे, निळं,
मी स्वतः त्यातून आत गेलोय.
आणि सात बोटं?
मी पेन टेकवतो, उचलतो, टेकवतो.
कागदावर निळा ठिपका पसरत जातो.

"आता आकडे. मी म्हणेन ते उलटे सांग.
चार, नऊ."
"नऊ, चार."
"दोन, सात, पाच."
"पाच..."
बाहेर पंपाचा दांडा वर-खाली होतोय,
तो त्याच्याबरोबर मान हलवतो.
"पाच..."

घड्याळ लावलंय. मी काही बोलायचं नाहीये.
रोबा ओठ चाटतो, पाणी मागतो.

टेबलावर एकच जग आहे.