दलाल

वाटाघाटीचा तास बुधवारी, जेवणानंतर,
म्हणजे पुण्यात मुळात कुणी कुणाशी बोलूच नये अशा वेळी.
रिसबूड मॅडम जोड्या लावतात, चिठ्ठ्या वाटतात:
एकीकडे कारखाना, दुसरीकडे पैसे,
वीस मिनिटं, आणि शेवटी अहवाल.

थिनले पहिली सहा मिनिटं गप्प.
समोरची नीमा, दार-ए-सलामची, अस्वस्थ होऊन
आपण होऊन दोन कोटींनी खाली येते.
मॅडम खूश: पाहा, मौनाचं बळ!
थिनले लाजतो. बळ कसलं, म्हणतो,
कोटीवर किती शून्यं, ते मोजत होतो.

हेरातचा नसीम चहाशिवाय आकडा काढत नाही.
कँटीन तीन मजले खाली.
तो उतरतो, समोरच्या पार्टीलाच सोबत नेतो,
आणि परत येतात तेव्हा दोघं
एकमेकांच्या बहिणींच्या लग्नाचं बोलत असतात,
कारखाना कुणाचाच झालेला नसतो.

माझ्या वाट्याला होदान.
बुराओ नावाच्या गावाची, जे मी पहिल्या आठवड्यात
नकाशावर शोधलं होतं आणि मग विसरले होते.
वडील काय करतात, तिने विचारलं.
प्रवेश अर्जावर मी 'लाइव्हस्टॉक ट्रेडिंग' लिहिलेलं.
इंग्रजीत लिहिलं की शब्दाला शेण लागत नाही.
तेच सांगितलं.
माझेही, ती म्हणाली. दिलाल.

दिलाल.
ज्या शब्दावरून मी शाळेत एकीच्या झिंज्या उपटल्या होत्या,
जो अण्णांची पाठ वळली की लोक
थुंकल्यासारखा म्हणत,
तो तिने असा ठेवला बाकावर
जसं कुणी आपलं आडनाव सांगावं.

एसीसाठी आणलेली शाल तिने आमच्या हातांवर टाकली.
मला कळायच्या आधी माझ्या बोटांना कळलं.

सांगोल्याच्या बैलबाजारात अण्णा असेच उभे असत,
तोंडाने पीकपाण्याच्या गप्पा
आणि उपरण्याखाली हजारांची उलथापालथ.
तिथे बाईचा हात जात नाही.
मी शिकले ते त्यांच्या जेवणातून:
दिवसाचे सौदे आठवताना त्यांची डावी बोटं
भाकरीच्या काठावर आपोआप दुमडत.
होदान कशी शिकली, ते तिने सांगितलं नाही.
तिचा अंगठा खरबरीत होता. एवढंच.

तिने तीन बोटं धरली. मी पंजा दाबला.
तिने मधलं पेर चिमटलं, ते आमच्यात नाही.
मी मनगट सोडवून घेतल्यासारखं केलं, म्हणजे परवडत नाही,
ते मात्र दोन्हीकडे एकच.
मॅडम येऊन उभ्या राहिल्या:
तुमचं सुरू कधी होणार?

वेळ संपली तेव्हा उलगडलं,
मी खिल्लार खोंड विकत होते,
ती उंट घेत होती,
आणि सौदा ठरला होता.

अहवालात 'वापरलेली रणनीती' या रकान्यात
तिने लिहिलं: शाल.

संध्याकाळी लक्ष्मी रोडला गेलो, तिला कुकर हवा होता.
दुकानात पाटी:
भाव एकच. घासाघीस करून स्वतःचा अपमान करून घेऊ नये.
मी वाचून दाखवली, अर्थ सांगितला.
ती बराच वेळ पाटीकडे बघत राहिली,
आजारी माणसाकडे बघावं तशी.
बिचारे, म्हणाली. यांच्याशी कुणी बोलत नसेल.

रात्री घरी फोन केला.
अण्णा, उंटाला काय भाव धरतात?
पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.
कॉलेजात हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं नाही.
खाकरले. मग म्हणाले,
दात पाहिलेस का?