अर्ध्या गोळ्या

गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद
उलगडला की अख्खं टेबल झाकतो.
क्युल्ली तो रोज रात्री वाचते,
मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवून.
केस गळणे. वजन वाढणे. हात कापणे.
यकृत. क्वचित, यकृत.
त्या 'क्वचित'पाशी तिचं बोट थांबतं
आणि मी स्टोव्हमध्ये आणखी एक लाकूड सारतो,
गरज नसताना.

लोविसा सात वर्षांची.
मागच्या हिवाळ्यात पाच वेळा पडली.
एकदा गोठलेल्या खाडीवर,
एकदा वर्गात, फळ्यापाशी,
मुठीतला खडू तसाच आवळून.
गोळ्या सुरू झाल्यापासून एकदाही नाही.
पण तिने काढलेला सूर्य
हल्ली गोल येत नाही.
"थंडी वाजतेय त्याला," ती सांगते.
कंगव्यातले केस क्युल्ली आगीत टाकते,
मला दिसू नयेत म्हणून.
वास येतोच.

एंडेल राहतो बेटाच्या पूर्व टोकाला, जुनिपरच्या झुडपांमागे.
गाईंचं बघतो, माणसांचं बघतो,
लोक म्हणतात, मधमाश्यांचंही.
त्याच्या बाटलीत कागद नव्हता,
गळ्याला फक्त लाल दोऱ्याची गाठ.
"याने काही अपाय?" मी विचारलं.
"झाडपाल्याने कुणाला काय होणार?
गोळी मात्र हळूहळू कमी कर."
पैसे घेतले नाहीत. धुरावलेला एक मासा घेतला,
तोही नको नको म्हणत.
लबाड असता
तर किती सोपं झालं असतं.

परतताना गाडीत आम्ही भांडलो, मग गप्प झालो,
मग ठरवलं: विषाची परीक्षा नको.
बाटली फडताळात, सर्वांत वर,
ख्रिसमसच्या मेणबत्त्यांमागे.

ठरवलं दोघांनी.
मोडलं एकेकट्याने.

मी गोळी अर्धी करायला लागलो,
जाळी शिवायच्या सुरीने, पहाटे.
यकृत अर्धं वाचेल असा काहीतरी
माझा हिशेब होता.
उरलेली अर्धी खिळ्यांच्या डब्यात.
फेकवत नव्हती.
आणि ती, तिच्या हिशेबाने,
गोळी तर पूर्ण चालूच आहे,
वर चार थेंब दुधातून गेले तर काय बिघडलं.

बाराव्या दिवशी लोविसा पडली.
न्याहारीच्या टेबलावरून, चमच्यासकट.
पाच मिनिटं. मी घड्याळ बघत होतो,
कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

दवाखान्यात रात्रपाळीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं,
"याशिवाय दुसरं काही देता का?"
असला प्रश्न नेहमीच्या फॉर्मवरही असतो.
गेले सहा महिने तिथे आम्ही रेघ मारत आलो.
"अर्धी," मी म्हणालो.
"थेंब," ती म्हणाली.
एकाच वेळी. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
अनोळखी घरात चुकून शिरल्यासारखं.

क्युल्लीने बाटली पर्समध्ये आणली होती.
म्हणजे तिला माहीत होतं.
बाईंनी बूच काढून वास घेतला.
दवण्याच्या जातीतलं कडू झुडूप आहे, म्हणाल्या,
जुने लोक झटक्यांवर देत,
आणि जास्त झालं तर त्यानेच झटके येतात.
तसंच असेल असं नाही म्हणत मी,
तपासायला पाठवते. आणि त्या अर्ध्या गोळ्या,
किती आहेत, मोजून सांगा.
रागावल्या नाहीत. रागवायला हव्या होत्या.

अकरा, मी म्हणालो.
न मोजता.

पहाटे खिडकी निळी झाली तेव्हा लोविसाला जाग आली.
जीभ चावली होती, शब्द जाड येत होते.
क्युल्ली सांगू लागली, दुधात, सोन्या, मी तुझ्या दुधात,
आणि तिला पुढे जाईना.

"मला माहितेय," लोविसा म्हणाली.
"दूध कडू लागायचं."
मग माझ्याकडे वळून,
"आणि गोळी छोटी झाली होती."

"मग बोलली का नाहीस?"

तिने खांदे उडवले.
"तुम्ही दोघं
इतकं हळू हळू देत होता."