करंजाळीच्या अलीकडे

चौतीस वर्षांनी तुझं नाव सापडलं
पेठ रस्त्यावर, सावळघाट चढून गेल्यावर,
एका पत्र्यावर, निळ्या ऑइलपेंटनं:
'जयवंताबाई. नागलीची भाकरी मिळेल.'
'ळ' बघूनच मी गाडी थांबवली.
त्याची शेपटी तू सातवीतही अशीच ओढायचीस,
खालच्या ओळीत पाय टाकेपर्यंत.

"किती माणसं?" तू विचारलंस.
एकच, म्हणाले. मग नाव सांगितलं,
माहेरचं, आश्रमशाळेच्या हजेरीतलं.
गांगोडे जयवंता. तिच्यामागून लगेच गावित मथुरा.

तुझे हात पिठात. मनगटानं केस मागे सारलेस.
"बस. तवा तापलाय."
मला वाटलं होतं, रडशील.
तू काटकी मोडलीस आणि चुलीत सारलीस.

भाकरी आली, घाटातल्या ओल्या दगडाच्या रंगाची,
कडेला थोडी करपलेली.
उडदाची आमटी, खुरासणीची चटणी,
फोडलेला कांदा, न मागता.
पहिल्या घासाला जीभ चटणीनं काळी झाली
आणि मी बोलून टाकलं:
जयवंता, रेक्टरबाईंच्या बरणीतलं तूप मी काढलं होतं.
दोन बोटं. कोरड्या भाकरीला.
त्यांनी विचारलं तेव्हा मी पायाकडे बघत राहिले
आणि हात तू पुढे केलास.
दिवाळीनंतर तू आलीच नाहीस शाळेत.
सिव्हिलला सुई टोचताना अजूनही
कुणी तळहात उघडला, की मी दुसरीकडे बघते.

"तूप?" तू म्हणालीस. "कुठलं तूप?"
भाकरी उलटलीस. फुगायची वाट बघितलीस.
"छड्या तर रोजच्याच होत्या बये.
आमचा हिरामण झाला ना त्या दिवाळीत.
आई रोजगाराला जायची, त्याला घ्यायचं कोणी?
आता पंचायतीत शिपाई आहे. पोट सुटलंय."

इतक्या वर्षांचं माझं ओझं
तू पदराला हात पुसावेत तसं पुसलंस.
हलकं वाटायला हवं होतं.
खरं सांगते, थोडा रागच आला.

"तू रात्री नाल्याकडे जाताना पाढे म्हणायचीस,"
तू एकदम हसलीस, "भुतं पळावीत म्हणून.
मी कंदील धरायचे. सतराच्या पाढ्याला अडायचीस,
मग तिथंच उभ्या दोघी, थंडीत.
येतो का आता?"
नाही, म्हणाले. सतरा सत्ते अजून चुकतं.
"मग भुतं आहेतच तुझ्यामागं."

पन्नासची नोट दिली. तू दहा परत दिलेस,
मोजून, गिऱ्हाइकाला देतात तसे.
"फोन नंबर?" विचारलं, तर पत्र्याकडे बोट.
तिथं होता, तुझ्याच अक्षरात, शेवटचा आकडा पुसट.
सहा असेल, किंवा आठ.

निघताना खिडकीतून पुडी आत टाकलीस.
"रात्री खा. थंड चांगली लागते."

घाट उतरताना ती शेजारच्या सीटवर होती.
वर्तमानपत्राच्या कागदावर डाग पसरत होता,
आधी रुपयाएवढा, मग तळहाताएवढा.
खुरासणीचं तेल असेल.
मी वास घेऊन बघितला नाही.
एकशे एकोणीस, एकशे एकोणीस,
म्हणत राहिले नाशिक येईपर्यंत.