हातचे

याब्लोनेत्समध्ये काच स्वस्त, वेळ महाग.
पाच ग्रॅम बारीक मणी म्हणजे साधारण साडेपाचशे.
मी मोजत नाही, तोलते,
मोडीत निघालेल्या औषधाच्या दुकानातून आणलेल्या तराजूवर.
काटा स्थिरावला की वरून एक चिमूट:
कपाटाखाली घरंगळणाऱ्यांसाठी,
कुत्र्याच्या पंजाला चिकटून अंगणात जाणाऱ्यांसाठी,
आणि ज्यांचं भोक भट्टीतच बुजलं
त्यांच्या जागी.
बेरजेत धरतात तसे हे माझे हातचे.

नक्षी सुचते भलत्याच वेळी.
परवा दातांच्या डॉक्टरकडे, तोंडात आरसा असताना
छतावरच्या ओलीच्या डागात दिसलं
हिरव्यात राखाडी कुठे शिरायला हवा ते.
घरी येऊन ओवलं. उसवलं. ओवलं.
अकरा वेळा उसवलं.

वहीत खर्चाचे रकाने आहेत:
काच, दोरा, डबी, छापलेला कागद,
सुया दोन, कारण एक हरवतेच.
उसवण्याचा रकाना नाही.
बोहुन्का म्हणते, घाल की, मेहनत आहे ती!
मी पेन्सिल टेकवते
आणि आकडा सुचत नाही.

पण खरं अवघड नक्षी नव्हे, वाक्य.
‘मागच्या मण्यातून सुई उलटी काढा.’
माझ्या बोटांना हे तीस वर्षं ठाऊक,
त्यांनी जिभेला कधी कळू दिलं नाही.

म्हणून प्रत्येक नवी पुडी आधी ओताकारला.
ओताकार लिबेरेत्सची बस चालवायचा,
बोटं अजून स्टिअरिंगच्या मापाची.
तो चष्मा कपाळावर चढवतो,
कागद नाकाला लावतो,
आणि मी पाठमोरी भांडी घासत राहते,
कारण नियमच तसा: सांगायचं नाही.
तो जिथे अडतो तिथे माझं वाक्य लंगडं.
सहाव्या पायरीवर तो हमखास अडतो.
‘मागचा म्हणजे कुठला?
माझ्या मागचा, की त्याच्या?’
मी तेच ताट पुन्हा घासते.

डिसेंबरात चौकात आमचं टेबल.
एका बाजूला तळणीचा धूर, दुसऱ्या बाजूला
लवंग घातलेली गरम वाइन, आणि मध्ये आम्ही,
नाकं लाल, पुड्या रांगेत.
निळ्या टोपीची बाई पुडी उचलते, हलवते,
आतला खळखळाट ऐकते, खाली ठेवते.
‘तयार नाही का?’
तयार आहे. मखमलीवर टांगलंय. नऊशे कोरुना.
पुडी साडेतीनशेची.
‘छे हो, मला कुठलं जमतंय.’

हे वाक्य मी त्या दिवशी एकोणीस वेळा ऐकलं होतं.

तेवढ्यात ओताकार थर्मासमधून चहा ओतायला वाकला,
बाही वर सरकली,
आणि मनगटावर तो तोडा:
दोन राखाडी चिकटून बसलेले,
सहाव्या पायरीचा मणी
पुढे आलेल्या दातासारखा बाहेर.
‘हा कुणी केला?’
‘मी,’ तो म्हणाला, पुढचा थांबा पुकारावा तसा.
‘दोन रविवार लागले. आणि बऱ्याच शिव्या.’
बाईने तोडा पाहिला.
मग त्याची बोटं पाहिली, जरा जास्तच वेळ.
मग दोन पुड्या घेतल्या.

त्यानंतर मी त्याला चहाच ओतायला लावला.
गार झाला तरी, कप भरलेला असला तरी.
सातपर्यंत सव्वीस पुड्या गेल्या.
माझा बिनचूक तोडा मखमलीवर तसाच.

घरी येताना म्हटलं, सहावी पायरी नव्याने लिहिते.
‘लिही,’ तो म्हणाला. ‘पण हा मी उसवणार नाही.’

लिहिली. मागचा म्हणजे कुठला ते चित्र काढून दाखवलं,
बाण तीनदा खोडला.
मग वही उघडून एक नवा रकाना आखला.
डोक्यावर काय लिहावं ते अजून ठरत नाही.
सध्या तिथे एक हिरवा मणी ठेवलाय, हातच्यांतला.
वही मिटली की
त्या पानापाशी थोडी उघडीच राहते.